अर्ली डिसिजनला आपल्या पोराचा नंबर लागेल का?

२०२० च्या सप्टेंबरात, थोरल्याच्या इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठी, मी एक एक्सेल शीट केली होती. अजून जपून ठेवली आहे. पहिल्या रकान्यात कॉलेजचं नाव, दुसऱ्यात रेग्युलर फेरीचा प्रवेशाचा टक्का, तिसऱ्यात अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं बांधून घेऊन लवकर अर्ज करण्याच्या फेरीचा टक्का आणि चौथ्यात तिसरा भागिले दुसरा. चौथा आकडा जिथे सगळ्यात मोठा, तिथे थोरल्याने अर्ली टाकायचं, असा माझा बेत. एका कॉलेजपुढे २.७ आला. मी बायकोला म्हटलं, "इथे जवळजवळ तिप्पट चान्स आहे." ती वरणाला फोडणी देत होती. मान वर न करता म्हणाली, "तिप्पट कुणाचा? ह्याचा, की सगळ्यांचा मिळून?"

उत्तर डिसेंबरच्या मध्यावर, संध्याकाळी सात वाजता मिळालं. पोर्टल उघडलं, पत्र आलं, नकार. डिफरसुद्धा नाही, म्हणजे निर्णय रेग्युलर फेरीपर्यंत पुढेही ढकलला नाही.

तीन वर्षांनी धाकटीची पाळी आली तेव्हा मी ती शीट बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून अभ्यास केला. आता दर सप्टेंबरला मंडळातल्या दोन-चार आईबापांचे फोन येतात, आणि प्रत्येकाला तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून टाकतोय. मी काउन्सेलर, म्हणजे प्रवेशाचा सल्लागार, नाही. सॉफ्टवेअरवाला आहे, मध्य न्यू जर्सीत वीस वर्षं राहतो, आणि दोन मुलांची अॅडमिशन बघितली आहे, एवढंच भांडवल.

आधी नावं नीट समजून घ्या, कारण दसऱ्याच्या कार्यक्रमात लोक "अर्ली केलं" म्हणतात तेव्हा कुठलं अर्ली ते कुणी सांगत नाही. अर्ली अॅक्शन म्हणजे लवकर अर्ज, लवकर उत्तर, बंधन काही नाही. मे महिन्याच्या एक तारखेपर्यंत विचार करा. रटगर्स, पर्ड्यू, इलिनॉय ही मोठी सरकारी विद्यापीठं या प्रकारातली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचं जरा वेगळं: बंधन नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली टाकायला सहसा मनाई. आणि अर्ली डिसिजन म्हणजे सरळ सुपारी फोडणं. एकाच ठिकाणी टाकता येतं. मूल, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघांच्या सह्या. प्रवेश मिळाला की बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, क्वचित १५, आणि उत्तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत. काही कॉलेजं जानेवारीत याचीच दुसरी फेरी घेतात, तिला अर्ली डिसिजन टू म्हणतात. पुढचं सगळं मुख्यतः या सुपारीवाल्या प्रकाराबद्दल.

आपली पंचाईत कुठे होते, तर आपण मेरिट लिस्टवर वाढलेली माणसं. मी सांगलीचा. बारावीचे पीसीएमचे मार्क हातात आले त्या संध्याकाळीच मला कळलं होतं की वालचंदला कुठली ब्रँच मिळेल आणि कुठली नाही. मागच्या वर्षीचा कट-ऑफ माहीत, आपले मार्क माहीत, वजाबाकी केली की झालं. इथे ती वजाबाकीच नाही. सॅट या प्रवेशपरीक्षेत १५५० वाला राहतो आणि १४६० वाली आत जाते, आणि त्यात कुणी लबाडी केलेली नसते. म्हणून "चान्स किती?" याचं एका आकड्यातलं उत्तर शोधू नका. थोरल्याच्या वेळी मी तेच शोधत होतो.

आणि आकड्यांच्याही आधी पैसे. हे मी मुद्दाम आधी लिहितोय, कारण लोक हे डिसेंबरात करतात. सुपारी फुटल्यावर घासाघीस करायला दुसरं स्थळच उरत नाही. चार कॉलेजांच्या आर्थिक मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करायची सोय अर्ली डिसिजनमध्ये नाही. बऱ्याच खासगी कॉलेजांचा सगळा मिळून वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास किंवा वर आहे. आपल्या राज्याच्या विद्यापीठात, राज्यातले म्हणून, त्याच्या निम्म्याहून कमीत भागतं. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला किती पडेल त्याचा अंदाज देणारा. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी चहा घेऊन बसा, टॅक्स रिटर्न समोर ठेवा आणि खरे आकडे भरा. दोन पगारांच्या घराला बहुधा फारसं काही मिळत नाही, ते तेव्हाच कळलेलं बरं. सीएसएस प्रोफाइल हा मदतीसाठीचा सविस्तर अर्ज भरायला लावणारं कॉलेज असेल तर राहत्या घराशिवायच्या मालमत्तेचाही प्रश्न येतो. सांगलीच्या घरातला माझा एक तृतीयांश हिस्सा मला तिथे लिहावा लागला. त्याची डॉलरमधली किंमत काय, यावर भावाशी अर्धा तास फोनवर बोललो आणि तो म्हणाला, "विकायला काढलंयस की काय?"

कॉलेजने दिलेल्या मदतीत शिकणं परवडणारच नसेल, तर करारातून सुटका मागता येते; कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज, त्याच्या करारात तसं लिहिलेलं आहे. पण ती वाट नाइलाजाची आहे. "आधी आत जाऊ दे, मग बघू" म्हणून तिच्यावर विसंबू नका.

आता टक्का. ब्राउन विद्यापीठाचं उदाहरण घेतो, कारण तिथले आकडे उघड आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरच्या अर्ली फेरीत ६,२४४ अर्ज आले आणि ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे १४.४ टक्के. पुढच्या मार्चअखेर एकूण हिशेब लागला तेव्हा ४८,८८१ अर्जांतून २,५२१ आत गेले होते. अर्लीचे वजा करा: ४२,६३७ अर्ज, १,६२३ प्रवेश, ३.८ टक्के. चौदा आणि चार. माझ्या चौथ्या रकान्यात ३.८ आला असता आणि मी नाचलो असतो.

पण ते ८९८ कोण आहेत ते बघा. प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू जवळजवळ सगळे अर्लीतूनच येतात. समजा (हा माझा अंदाज आहे, कॉलेजचा आकडा नाही) असे २०० आहेत, आणि त्यांना प्रवेश जवळजवळ ठरलेलाच असतो. ते दोन्ही बाजूंनी काढा: ६,०४४ पैकी ६९८, साडेअकरा टक्के. आता माजी विद्यार्थ्यांची मुलं (यांना लेगसी म्हणतात), प्राध्यापकांची मुलं. समजा त्यांचे ६०० अर्ज आणि १५० प्रवेश. उरले ५,४४४ पैकी ५४८, दहा टक्के. आपली पोरं या उरलेल्यांत. वालचंदची लेगसी ब्राउनला चालत नाही.

शिवाय हे उरलेलेही साधे नसतात. ऑक्टोबरातच ज्यांचे निबंध तयार, शिफारसपत्रं तयार, सॅट झालेली, अशी नीटनेटकी मुलं या फेरीत येतात. रेग्युलरच्या गठ्ठ्यात "टाकून तर बघू" वाले खूप. त्यामुळे अर्लीचा फायदा आहे, नाही असं नाही. कॉलेजलाही येणारच अशी मुलं हवी असतात. पण चौपट नाही. माझ्या मते चांगल्या, पण खास वशिला नसलेल्या मुलाला मध्यम कठीण कॉलेजात याचा खरा उपयोग होतो. दहा टक्क्यांच्या खालच्या कॉलेजात अर्ली म्हणजे लॉटरीचं जरा बरं तिकीट.

मग आपल्या पोराचा अंदाज कसा बांधायचा? दोन कागद लागतात. एक सगळ्यांना उघड असतो, दुसरा शाळेत.

उघड कागद म्हणजे कॉमन डेटा सेट, कॉलेजने ठरावीक नमुन्यात जाहीर केलेली स्वतःची आकडेवारी. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधा, पीडीएफ मिळते. बहुतेक लोक त्यातला टक्का बघून बंद करतात. तुम्ही त्यातला सी-७ हा भाग उघडा. तिथे एक तक्ता असतो: कोर्सेसचा कठीणपणा, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), परीक्षेचे गुण, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, माजी विद्यार्थ्यांशी नातं वगैरे, आणि प्रत्येकापुढे चारपैकी एका रकान्यात फुली, अतिमहत्त्वाचं ते विचारात घेत नाही इथपर्यंत. या तक्त्यात तळाशी एक ओळ असते, अर्जदाराने दाखवलेला रस. तिथे फुली "महत्त्वाचं" खाली असेल तर माहितीसत्रं, कॅम्पसची भेट, त्यांच्या माणसाशी बोलणं, या सगळ्याची नोंद होते असं समजून चाला. "विचारात घेत नाही" असेल तर सहा तास गाडी हाकत तिथे जाऊन टोपी विकत आणल्याने काही होत नाही. आम्ही टोपी आणली होती.

सी-९ मध्ये सॅटचे पंचविसाव्या आणि पंचाहत्तराव्या पर्सेंटाइलचे गुण असतात, आणि शेजारी किती टक्के मुलांनी गुण पाठवले तेही. दुसरा आकडा बघितल्याशिवाय पहिला वाचू नका. गुण पाठवणं ऐच्छिक असेल तर ज्यांचे चांगले तेच पाठवतात, आणि खालची मर्यादा आपोआप फुगते. २०२० ला नेमकं हेच झालं: कोव्हिडमुळे जवळजवळ सगळ्यांनी परीक्षा ऐच्छिक केली, आणि मी २०१९ चे आकडे घेऊन बसलो होतो. आता एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे, तेव्हा मागच्या तीन वर्षांचे आकडे सरसकट एका रांगेत लावू नका.

अर्ली डिसिजनचे आलेले अर्ज आणि दिलेले प्रवेश सी-२१ मध्ये. वरचं ब्राउनसारखं गणित आपापल्या कॉलेजसाठी तिथून करता येतं.

कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर मात्र हे सगळे आकडे जरा लांबूनच वाचा. कार्नेगी मेलन किंवा कॉर्नेलसारख्या ठिकाणी अर्ज एका विशिष्ट शाखेला जातो, आणि विद्यापीठाचा एकूण टक्का त्या शाखेचा नसतो. आपल्या मंडळात दर तिसऱ्या घरात कॉम्प्युटर सायन्सच आहे, हे सांगायला नकोच.

दुसरा कागद शाळेचा, आणि माझ्या मते खरा तोच. नाव्हियान्स किंवा स्कॉयर, यांतलं जे सॉफ्टवेअर तुमच्या शाळेत असेल त्यात, कॉलेजचं नाव टाकलं की एक आलेख येतो. आडवा सॅट, उभा जीपीए, आणि आपल्याच शाळेतून मागच्या काही वर्षांत तिथे अर्ज केलेल्या मुलांची चिन्हं. प्रवेश मिळाला त्यांची हिरवी, नाकारलेल्यांची लाल. देशभरातल्या मुलांशी तुलना करण्यापेक्षा हे बरं, कारण कॉलेज अर्ज वाचतं तेव्हा शाळेची माहितीही सोबत असते आणि मुलाला त्या शाळेच्या हिशेबात तोललं जातं.

लोक काय करतात, आपल्या मुलाचा ठिपका हिरव्यांच्या गर्दीत दिसला की खूश होतात. असं नका करू. एक चौकोन आखा. धाकटीची सॅट १४९०. मी १४६० ते १५२० आणि तिच्या जीपीएच्या थोडं वर, थोडं खाली एवढा चौकोन धरला, स्क्रीनवर चक्क पट्टी लावून. आत अकरा चिन्हं, सहा हिरवी. मग काउन्सेलरची वेळ घेतली. या बाईंकडे खूप मुलं असतात. त्यांच्या संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलं अशी आहे, आणि ती गाठली तरी २५० म्हणजे किती! म्हणून गप्पा मारायला जाऊ नका, चार प्रश्न लिहून न्या. या सहा हिरव्यांत खेळाडू किंवा माजी विद्यार्थ्यांची मुलं किती, नावं नको, फक्त आकडा. अर्लीतून गेलेले किती. यंदा आपल्या शाळेतून तिथे अर्ली टाकणारे किती. आणि चौथा, जो विचारायला आपल्याला संकोच वाटतो: तुमच्या रिपोर्टमध्ये कोर्सेसच्या कठीणपणापुढे तिच्यासाठी कुठल्या खान्यात टिक करणार? तिथे "सर्वांत कठीण" असा एक वेगळा खाना असतो. धाकटीने एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, फिजिक्स न घेता सिरॅमिक्स, म्हणजे मातीकाम, घेतलं होतं, तेव्हा हा प्रश्न जरा धडधडतच विचारला.

बाईंनी सांगितलं, सहापैकी दोन खेळाडू. म्हणजे खरा हिशेब नऊपैकी चार. यंदा आणखी एक मुलगा तिथेच अर्ली टाकतोय. आणि टिक "सर्वांत कठीण" च्या एक पायरी खाली. सिरॅमिक्सचं मोल तेवढं.

आता एच-४ वाल्यांसाठी, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांसाठी, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थोरला पहिलीपासून इथल्या शाळेत, पण २०२० मध्ये आम्ही एच-१बी वर आणि तो एच-४ वर होता. बऱ्याच खासगी कॉलेजांत अशा मुलाला आर्थिक मदतीच्या बाबतीत परदेशी विद्यार्थी धरतात. फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरता येत नाही, ते वेगळंच. आणि परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर बहुतेक कॉलेजं ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयात धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅम्हर्स्ट अशी थोडीच धरत नाहीत, आणि तिथे मुळातच लॉटरी. मी अर्जातल्या मदतीच्या खान्यात "मिळाली तर मिळाली" म्हणून टिक करून ठेवली होती. नकार त्यामुळेच आला असं मी म्हणत नाही, कॉलेज कारण सांगत नाही. पण डेटा सेटमध्ये एच-६ नावाचा भाग असतो, परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना किती मदत दिली त्याचा, तो मी उघडलासुद्धा नव्हता. तुम्ही उघडा, आणि त्याशिवाय कॉलेजला ईमेल करून सरळ विचारा: एच-४ वरचा, इथल्याच हायस्कूलमधला मुलगा तुमच्याकडे कुठल्या गठ्ठ्यात जातो? उत्तर लेखी ठेवा. आम्हाला २०२२ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं, त्यामुळे धाकटीला हा फाटा फुटलाच नाही.

एवढं झालं की अंदाज. मी तीनच शब्द वापरतो: "बहुतेक होईल", "नाणेफेक", "लॉटरी". ज्या कॉलेजचा एकूण टक्का दहाच्या खाली, ते डोळे झाकून लॉटरी, पोर कितीही गुणी असो. बाकीच्यांत, गुण सी-९ च्या वरच्या आकड्याच्या आसपास, शाळेच्या चौकोनात निम्म्याहून जास्त हिरवे, पैशाची अडचण नाही, शाखा मारामारीची नाही, हे सगळं असेल तरच "बहुतेक होईल". यातलं एक निसटलं की नाणेफेक. दोन निसटले की, मनाला काहीही वाटो, लॉटरी.

आणि हा अंदाज एकट्याने बांधू नका. २०२३ ला कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली होती, शनिवारी, आणि अर्जाची मुदत बुधवारी. मंडळातून मसाला दूध पिऊन आलो, अकरा वाजून गेले होते, झोप कुणालाच नव्हती. तिघांनी तीन चिठ्ठ्या घेतल्या आणि एकमेकांना न दाखवता शंभरपैकी आकडा लिहिला. मी ४५, बायकोने ३०, मुलीने ६०. मग प्रत्येकाने आपला आकडा का, ते सांगायचं. बायको म्हणाली, चारातले तीन हिरवे अर्लीतून गेलेले, हे खरं, पण यंदाचा तो दुसरा मुलगा हिच्यापेक्षा वरचढ आहे, हे तुम्ही दोघं धरतच नाही आहात. मुलगी म्हणाली, "बाबा, माझा निबंध तुम्ही वाचलेला नाही." तेही खरंच होतं. आम्ही नाणेफेकीवर आलो.

त्यानंतरचा प्रश्न आकड्यांचा नव्हता. मी तिला विचारलं, समजा सगळीकडे तुला प्रवेश मिळालाच आहे आणि खर्चही सारखाच, तर कुठे जाशील? ती क्षणभरही न थांबता तेच नाव म्हणाली. थोरल्याला मी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. २.७ वालं कॉलेज त्याच्या यादीत पाचवं होतं, हे मला पुढच्या वर्षी त्याच्या मित्राकडून कळलं. पहिल्या पसंतीचं नसलेलं कॉलेज फक्त टक्का बघून अर्लीला टाकू नका. नकार आला तर फेरी वाया, आणि होकार आला तर चार वर्षं.

नाणेफेक किंवा लॉटरी असेल तर १ नोव्हेंबरला हात झटकून बसायचं नाही. बंधन नसलेली अर्ली अॅक्शन सोबत टाकता येते, सरकारी विद्यापीठांची तर नक्कीच. आम्ही रटगर्सचा अर्ज त्याच आठवड्यात पाठवला. रेग्युलरची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या दिवसांत, आणि अर्लीचं उत्तर येतं डिसेंबरच्या मध्यावर. मधले दोन आठवडे, नाताळची सुट्टी आणि नकार मिळालेलं पोर, यांच्यात दहा निबंध होत नाहीत. थोरल्याने केले, ते मी वाचले आहेत, न केले असते तर बरं. म्हणून निबंध नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतच उरका. डिफर आलं तर अर्ज रेग्युलरच्या गठ्ठ्यात जातो. तेव्हा पहिल्या सत्राचे गुण आणि अजूनही इथेच यायचं आहे असं सांगणारं एक पानी पत्र पाठवायचं, रोज फोन करायचा नाही. दुसऱ्या नंबरचं कॉलेज अर्ली डिसिजन टू घेत असेल तर त्याचाही हिशेब आधीच करून ठेवा, याच पद्धतीने, पुन्हा पैशापासून.

धाकटीचे सात निबंध तयार होते आणि एकही पाठवावा लागला नाही. डिसेंबरात सात वाजता तिने पोर्टल आमच्यासमोर उघडलं नाही, वर खोलीत जाऊन उघडलं, आणि जिन्यावरून पाय आपटत आली त्यावरून कळलं. रटगर्सला अर्ज मागे घेतल्याचं कळवायला मात्र तिने दोन दिवस लावले. तिच्या तीन मैत्रिणी तिथे जाणार होत्या.